मापाचं कपाट

१

आईसाठी असं कपाट करायचं की तिला पुन्हा कधी स्टुलावर चढावं लागू नये, एवढं लवंगीने पक्कं ठरवलं होतं.

लवंगी हे तिचं खरं नाव नव्हे. ती तीन वर्षांची असताना बाबांनी ते ठेवलं आणि ती चोवीस वर्षांची झाली तरी ते बदलावंसं कोणाला वाटलं नाही, यावरून काय ते समजून घ्यावं. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर वर्षभरात आई स्टुलावरून पडली. जुन्या लोखंडी कपाटाच्या डोक्यावर ठेवलेली रजई काढायला गेली आणि रजईसकट खाली आली. रजईने डोकं वाचवलं, उजवा खांदा मात्र धरला. लवंगी तेव्हा घरातच होती, बाहेरच्या खोलीत, कानात गाणी घालून. "चार हाका मारल्या मी," असं आई अजून आल्यागेल्याला सांगायची. आकड्यासकट.

आता लवंगीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती. घरांच्या आतली रचना करायची, जे ती कॉलेजात शिकली तेच. एक तारखेला हजर व्हायचं होतं आणि हातात जेमतेम महिना होता. "माझं घर सोडून तुझ्या भाड्याच्या खुराड्यात येऊ का मी?" असं म्हणून आईने बरोबर यायला नकार दिला होता. मग आई एकटी राहणार, तर निदान पडून तरी मरू नये. कपाट हे लवंगीचं उत्तर होतं. आईला, टोमणे मारायला टपलेल्या मामाला आणि त्या चार हाकांना.

रविवारी सकाळी तिने सगळे कपडे काढून पलंगावर ओतले. कपाट नीट व्हायचं तर आधी त्यात काय जाणार हे मोजावं लागतं. तिने तीन ढीग करायला घेतले. रोज लागणारे, कधीमधी लागणारे आणि टाकून द्यायचे. तिसऱ्या ढिगाचं नाव पाच मिनिटांत बदललं.

"हा कोट?"

"तुझ्या बाबांचा. असू दे."

"ही विरलेली चादर?"

"मऊ आहे. असू दे."

"आणि हा एकटा मोजा?"

"दुसरा सापडला तर?"

"आई, दुसरा मी चौथीत असताना हरवला!"

"मग आणलास का शोधून? नाही ना? असू दे."

'असू दे'चा ढीग छातीपर्यंत आला तेव्हा मामाचा फोन आला. लवंगी गॅलरीत जाऊन बोलली. "आईला एकटं टाकून चाललीस म्हणे, शाबास!" इथपासून मामाने सुरुवात केली आणि वीस मिनिटं तो तिथेच घुटमळत राहिला. फोन ठेवून ती आत आली तेव्हा तिच्या कानशिलांना आग लागली होती. ती बाहेरच्या टेबलाशी बसली आणि लॅपटॉप उघडून कपाटाचा आराखडा पुढे घेतला.

आईची मापं राहिली होती. उठायचा तिला भयंकर कंटाळा आला होता. बेडरूमचं दार अर्धं उघडं होतं. नवं कपाट जिथे बसणार ती मोकळी भिंत मात्र इथून दिसत नव्हती.

"आई!" ती बसल्या जागेवरून ओरडली. "कपाटाच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहा. हात वर कर. ओढून ताणून नको, सहज पोचेल तिथे रेघ मार!"

"हं," आतून आलं.

"आता खाली. सहज जाईल तिथपर्यंत!"

"हं."

"आता दोन्ही हात आडवे. दोन्हीकडे खुणा कर. झालं?"

"हं."

वाद न घालता आईने सलग तीन गोष्टी केल्या, याचं लवंगीला जरा आश्चर्य वाटलं. पण मिळालेल्या सुखाची चौकशी करू नये, म्हणून ती कानात गाणी घालून पुन्हा कामाला लागली, आणि पुढ्यात जेवणाचं ताट येईपर्यंत तिने मान वर केली नाही.

२

जेवणं झाल्यावर आई ओटा आवरत होती तेव्हा टेप घेऊन लवंगी बेडरूममध्ये गेली. खुणा लगेच दिसेनात. भिंतीला गाल लावून तिरकं पाहिल्यावर दिसल्या. पेन्सिलीच्या नव्हत्या. रंगावर नखाने ओढलेल्या बारीक चिरा होत्या. पेन्सिल शोधायचाही कंटाळा, तिने मनात म्हटलं. त्या कंटाळ्याचा वारसा आपल्याकडे कुठून आला तेही तिला कळलं.

वरची रेघ जमिनीपासून चार फूट दहा इंचांवर होती. तिने पुन्हा टेप लावली. आईची उंचीच पाच फूट एक इंच. हात वर केला की सहा फुटांच्या आसपास सहज पोचायला हवा. पण खांदा धरलेला. लवंगीला एकदम वाईट वाटलं. एवढाच जातो बिचारीचा हात, आणि आपल्याला पत्ता नाही.

खालची रेघ जमिनीला जवळजवळ टेकलेली होती. म्हणजे कंबर ठीक आहे, चला.

आडव्या खुणांमधलं अंतर सात फूट दोन इंच भरलं.

ती पलंगाच्या कडेवर, कपड्यांच्या ढिगाला टेकून बसली. माणसाचे पसरलेले हात साधारण त्याच्या उंचीएवढे भरतात, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. मग आई डावीकडची खूण करून दोन पावलं सरकली असणार आणि मग उजवीकडची केली असणार. सांगितलेलं सरळ करेल तर ती आई कसली! पुन्हा मोजायला बोलवावं, तर ओट्यापाशी भांड्यांचा आवाज चढला होता. भांडी आपटत असतील तेव्हा आईला बोलावू नये, हा घरातला अलिखित नियम होता.

आणि खरं सांगायचं तर त्या सात फूट दोन इंचांनी लवंगीला एक झकास कल्पना सुचवली होती. साडेसात फुटांचं एकच सलग कपाट. मधे उभी फळी नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच दांडा, तोही खाली, हाताशी. खाली उथळ खण. आईने मधोमध उभं राहायचं, एखादं पाऊल इकडे तिकडे, की सगळं हाताला. चढणं नाही, ताणणं नाही. आणि दारांना वेताची जाळी, म्हणजे आत हवा खेळेल आणि खोलीलाही जरा शोभा येईल.

कॉलेजातल्या बाई म्हणायच्या, आधी माणूस मोजा, मग भिंत मोजा. लवंगीने भिंत मोजली आणि आराखडा पूर्ण केला.

३

मिस्त्री बाबांच्या ओळखीचे होते. चष्मा कपाळावर ठेवून ते आराखडा बराच वेळ पाहत राहिले. त्यांचा हा संथपणा लवंगीच्या डोक्यात जायचा.

"दांडा इतका खाली?" ते म्हणाले. "वहिनी उंच नाहीत, पण अशा बुटक्याही नाहीत."

"खांदा धरलाय तिचा."

"बरं. आणि हे हातांचं माप? सात फूट दोन?"

"ती सरकली असेल थोडी."

"असेल." त्यांनी कागद उलटा धरून पाहिला, जणू उलट बाजूने तरी पटेल. "नाही, म्हणजे बघा ताई. मी चाळीस वर्षं लोकांना मापून फर्निचर करतोय. सात फूट हात पसरणारा माणूस असेल तर तो दारातून वाकून आत येतो. त्याने हात वर केला तर छताला लागेल. आणि तुमचा इथे चार फूट दहावर थांबलाय." ते हसले. "हा माणूस बसलेला आहे. बसून मापं दिलीत वहिनींनी?"

"मिस्त्रीकाका, तुम्ही फळ्या कापा. मापांचं मी बघते."

"एकदा वहिनींना उभं करून टेप लावू द्या. दोन मिनिटांचं काम."

"मला एक तारखेला तिथे हजर व्हायचंय आणि तुम्ही पंधरा दिवस मागताय. ती दोन मिनिटं त्यातच धरा ना! मी शिकलेय हे, चार वर्षं."

"चार वर्षं म्हणजे पुष्कळ झाली," मिस्त्री अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाले. "सलग दांडा मधे वाकेल, एवढं सांगून ठेवतो."

"जाड नळी घाला."

"घालतो. मापं तुमची, लाकूड माझं."

निघताना ते बेडरूममध्ये डोकावले. खुणा असलेल्या भिंतीसमोर उभे राहून त्यांनी स्वतःचे दोन्ही हात पसरून पाहिले. मग पायात चपला घालून गेले.

४

कपाट देखणं झालं होतं, यात वाद नव्हता. फिकट लाकूड, वेताच्या जाळीची तीन सरकती दारं, आणि खणांच्या तोंडाला बोटं घालायला नुसती खाच. दारं मिस्त्रींनी अशा रुळांवर बसवली होती की कितीही जोरात ढकला, शेवटी आपोआप मंद होऊन ती आवाज न करता मिटायची. दुपारचं ऊन खिडकीतून जाळीवर पडलं की आतल्या कपड्यांच्या नुसत्या सावल्या दिसत. लवंगीने फोटो काढून मैत्रिणींना पाठवले.

आई कपाटापुढे उभी राहिली. शाल अडकवायला ती वाकली, आणखी वाकली आणि "आई गं" म्हणत कमरेवर हात ठेवून सरळ झाली.

"हे कोणासाठी केलंस?"

"तुझ्यासाठी! अजून कोणासाठी?"

"मला वाकून वाकून कुबड येईल की. माझा हात तर हा बघ," आईने डावा हात वर केला. तो पार दाराच्या वरच्या चौकटीला लागला. मग उजवा. तो सावकाश गेला, पण डाव्याच्या खाली चारच बोटं थांबला.

लवंगी त्या हाताकडे पाहत राहिली.

"मग तू खूण एवढी खाली का केलीस?"

"कसली खूण?"

"माप, आई! त्या रविवारी. मी बाहेरून ओरडत होते आणि तू इथे उभी राहून—"

"त्या रविवारी मी औषधं आणायला गेले होते. तू गॅलरीत मामाशी भांडत होतीस. येते गं म्हटलं, तर हातानेच जा जा केलंस. येईपर्यंत दुपार झाली मला."

"तू हं म्हणालीस. तीनदा."

"मी?" आई म्हणाली. "मी नुसतं हं म्हणून गप्प बसेन असं वाटतं तुला?"

एवढं खरं होतं. पण मग दुसरंच एक उत्तर लवंगीच्या मनात हळूच उगवलं. आई विसरायला लागली आहे. माणसं अशीच विसरतात. स्वतः केलेलं विसरतात आणि न केलेलं शपथेवर सांगतात. आठ दिवसांनी आपण निघणार. गॅस चालू राहिला तर? दार उघडं राहिलं तर?

त्या संध्याकाळी ती आईला गप्पांच्या ओघात प्रश्न विचारत राहिली. शेजारणीच्या नातवाचं वय, विजेचं बिल कधी भरलं, मामाचा जुना फोन नंबर. आईने सगळं सांगितलं. शेवटी पदराआडून हसत म्हणाली, "पास झाले का? का आता चौथीतल्या मोज्याचा रंग सांगू?"

५

दुसऱ्या दिवशी लवंगी औषधांच्या दुकानात गेली. काही घ्यायचं नव्हतं.

"तीन आठवड्यांपूर्वीचा रविवार?" दुकानदार म्हणाला. "असा कसा विसरेन! लाईट गेली होती, कॉम्प्युटर बंद. तुमच्या आई इथे याच खुर्चीत दीड-दोन तास बसल्या होत्या. माझ्या बायकोच्या गुडघ्यांची अख्खी चौकशी केली त्यांनी. का हो?"

"काही नाही. सहज."

ती रस्त्यावर आली. लख्ख ऊन होतं. समोर एक बाई रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालत होती. म्हणजे आईचं डोकं शाबूत होतं. लवंगीला हायसं वाटायला हवं होतं. कालची भीती गेली होती, पण गेलेल्या भीतीच्या जागी काय येऊन बसतंय, ते तिला पाहायचं नव्हतं. तिने मनाशी वकिली सुरू केली. शेजारच्या घरातून आवाज आला असेल. भिंती पातळ आहेत. चिरा जुन्याच असतील, रंगाच्या. आपण चिडलेलो होतो, चिडलेल्या माणसाला काहीही ऐकू येतं.

भिंती पातळ नव्हत्या. बाबांनी घर घेताना त्या ठोकून पाहिल्या होत्या.

घरी आल्यावर तिने कपाट उघडलं. सकाळी तिने स्वतः कपडे दांड्यावर सारख्या अंतराने लावले होते. आता अर्धे डाव्या टोकाला सरकलेले होते आणि अर्धे उजव्या. मधला भाग मोकळा होता. चांगला तीन फुटांचा.

"आई, कपडे तू सरकवलेस?"

"मला वाटलं तूच. मधे जागा ठेवायची फॅशन असेल."

तिने ते पुन्हा लावले. दुपारी पाहिलं तेव्हा पुन्हा तसंच. संध्याकाळी तसंच. चौथ्या वेळी ती पलंगावर बसून राहिली, दारांवर नजर ठेवून, अर्धा तास. काही हललं नाही. फक्त वेत कुठेतरी बारीक कुरकुरला. नवा वेत कुरकुरतोच. मग कुकरची शिट्टी झाली, ती उठून दोन मिनिटं गेली आणि परत आली, तर मधलं दार वीतभर उघडं होतं. तिच्या डोळ्यांदेखत ते मंद मंद होत मिटलं. त्या रुळांची खुबीच तशी होती. दार कोणी कधी ढकललं, ते मिटताना कळायचं नाही.

६

निघायला दोन दिवस राहिले होते. मिस्त्री दार तपासायला येताहेत, असं लवंगीने आईला सांगितलं होतं. खरं तर तिने त्यांना फोनवर एवढंच म्हटलं होतं, "काका, कपाट काढून टाकायचंय."

त्यांनी का ते विचारलं नाही. त्यांनी दारं बाजूला केली आणि खाली बसून दांड्याकडे पाहिलं. मग खिशातून दोरा काढून तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणून धरला. दांडा मधोमध दोन बोटं खाली झुकला होता.

"वाकणार म्हणून सांगितलं होतंच की तुम्ही," लवंगी म्हणाली. तिचा आवाज तिला परका वाटला.

"मी ओझ्याने वाकेल म्हटलं होतं. ओझं आहे दोन्ही टोकांना." त्यांनी मधल्या मोकळ्या जागेकडे बोट केलं, पण बोट आत जाऊ दिलं नाही. "बाक इथे आहे. ताई, तुम्ही ही मापं घेतलीत तेव्हा त्या माणसाला डोळ्यांनी पाहिलं होतं?"

लवंगीने मान हलवली. नाही.

ते उठले. दारं त्यांनीच सरकवून बंद केली. "मी काढतो. आज म्हणाल तर आज काढतो. पण एक विचार करा. आतापर्यंत ते खोलीत कुठेही असेल. आता त्याला मापाची जागा मिळालीय. ही मोडली, तर ते कुठे बसेल?"

"तुमचा विश्वास आहे असल्या गोष्टींवर?"

"माझा टेपवर विश्वास आहे," मिस्त्री म्हणाले. "म्हणून तर विचारतोय." आणि पेटी उचलून निघाले. या खेपेला ते तिला चिडवण्यापुरतंही हसले नाहीत.

त्या दुपारी आई बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसली होती, लवंगीच्या टेबलासमोरच, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. लवंगीला वाटलं, एकदा काय तो निकाल लागू दे. तिने बेडरूमच्या अर्ध्या उघड्या दाराकडे तोंड केलं.

"आई?"

समोर आईने वर्तमानपत्राआडून डोकं वर काढलं. तिने अजून तोंड उघडलं नव्हतं.

"हं," आतून आलं.

लवंगी उठली. चार पावलं चालून बेडरूमच्या दारात थांबली. खिडकीतून ऊन सरळ कपाटावर पडलं होतं. जाळीमागे दोन्ही टोकांना कपड्यांच्या सावल्या होत्या आणि मधे नुसता काळोख, खाली जरा जास्त दाट.  तेवढ्यात डाव्या टोकाला, जमिनीपासून हातभर उंचीवर, वेताची जाळी आतून हलकेच बाहेर फुगली. पाच ठिकाणी. आणि अगदी त्याच क्षणी उजव्या टोकालाही. तेवढ्याच उंचीवर. पाच ठिकाणी.

मनगटाला काहीतरी लागलं आणि तिच्या तोंडून किंकाळी निघाली. ती आई होती. आईने तिला मागे ओढलं आणि बेडरूमचं दार लोटून घेतलं.

"अशी टक लावून बघू नये," आई हळूच म्हणाली. "बुजतं ते."

७

"तुला माहीत होतं," लवंगी म्हणाली. त्या दोघी जिन्यात बसल्या होत्या, खालच्या पायरीवर कोणाची तरी सायकल लावलेली होती. लवंगी दर दोन शब्दांनी वर दाराकडे बघत होती. आई अगदी शांत होती आणि त्या शांतपणाचाच तिला सगळ्यात राग येत होता.

"मापाचं माहीत नव्हतं. तो तुझा पराक्रम."

"कोण आहे ते?"

"मी कधी विचारलं नाही."

"विचारलं नाही?"

"तुझे बाबा गेल्यावर मी त्या खोलीत एकटी बडबडायचे. पाय दुखतोय, दूध संपलं, असलंच काहीबाही. एक दिवस कोणीतरी हं म्हणालं." आईने गुडघ्यावरची नसलेली धूळ झटकली. "माणूस हं म्हणाला की पुरे असतं गं. त्याची ओळखपाळख काय काढायची?"

"आई, ते माणूस नाहीये!"

"तू आहेस ना माणूस? तू काय म्हणायचीस मी बोलले की?"

 लवंगीचा मूळ स्वभाव उसळून आला. हे नेहमीचंच होतं. आई दुखण्याचं हत्यार करायची आणि बरोबर वर्मावर ठेवायची. "ते काही नाही. परवा तू माझ्याबरोबर येतेयस. तुला उचलून न्यावं लागलं तरी चालेल. तिथे एक खोली आहे, दोघींना पुरते."

"दोघींना पुरेल," आई म्हणाली. "पण मी निघाले तर ते इथे थांबेल कशावरून?"

याचा लवंगीने विचार केला नव्हता.

"तू जा," आई पुढे म्हणाली. "खरंच सांगते. नोकरी बघ. मी पडणार नाही, धडपडणार नाही. मला सोबत आहे. गेल्या आठवड्यात न्हाणीघरात पाय घसरला माझा, आत्ता सांगते. पडले नाही. मागून धरलं. दोन्हीकडून."

तिने हे इतक्या सहजपणे सांगितलं, की लवंगीला आधी अर्थच लागला नाही. न्हाणीघर घराच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. कपाटापासून चांगली वीस पावलं.

"आणि मग?"

"मग काय? सोडलं." आई थोडी थांबली. "जरा वेळाने सोडलं. हल्ली सोडायला वेळ लावतं."

तिच्या बाहीखाली, दंडावर, निळसर डाग होते. लवंगीने बाही वर सारली तेव्हा आईने हात काढून घेतला नाही. एका बाजूला पाच. दुसरा दंड पाहायची गरज नव्हती.

८

परवा दुपारी चारची गाडी होती. तीन वाजता लवंगीची बॅग दारात उभी होती, आणि लवंगी बेडरूममध्ये पलंगावर बसली होती, कपाट आणि आई यांच्या मधे. आईने तिच्यासमोर खुर्ची घेतली होती. बाहेरच्या खोलीत बसून काही कळणार नाही, एवढं लवंगीला कळून चुकलं होतं. त्याने आईला धरलं ते आई बोलत होती म्हणून, आणि बोलण्याला दुसरं कोणी उत्तर देत नव्हतं म्हणून. आपण आधी हं म्हटलं तर त्याची गरज उरणार नाही, असा तिचा हिशेब होता. यापलीकडे तिला काही ठाऊक नव्हतं. यापलीकडचं शोधून काढायला वेळही नव्हता. आपण येत नाही, असं कंपनीला तिने सकाळीच कळवून टाकलं होतं. त्यांनी 'ठीक आहे' एवढंच उत्तर पाठवलं होतं. चार वर्षांच्या शिक्षणाला दोन शब्द.

"गाडी चुकेल तुझी," आई म्हणाली.

"हं," लवंगी म्हणाली. घाईने.

मागे वेत कुरकुरला आणि थांबला. काहीतरी तोंडाशी आलेलं गिळल्यासारखा.

आईने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत दया होती, हे लवंगी शपथेवर सांगेल. पण त्या दयेच्या तळाशी एक समाधानही होतं, आणि तेही तिला दिसलं. हव्या त्या माणसाला शेवटी समोर बसवल्याचं समाधान. एरवी लवंगी उठून तरातरा निघून गेली असती.

"बोल," ती म्हणाली. "मी ऐकतेय. काहीही बोल, पण माझ्याशी बोल."

आणि आई बोलू लागली. कुठून सुरुवात करावी याचा तिला प्रश्नच पडला नाही. दोन वर्षांचं साचलेलं होतं. खांदा, पाऊसपाणी, शेजारीण, बाबांची शेवटची रात्र, वरच्या मजल्यावरचा नळ. तिचं वाक्य संपत आलं की लवंगीचे कान ताठ व्हायचे. शेवटचा शब्द खाली टेकायच्या आत तिचा हुंकार तिथे पोचलेला असायचा. मागच्याच्या एक श्वास आधी. कधी अर्धा श्वास. पाठीमागे, दोन्ही बाजूंना, काहीतरी तिच्याइतकंच लक्ष देऊन ऐकत होतं.

चार वाजून गेले. पहिल्या तासात ती एकदाही चुकली नाही.

मग आई म्हणाली, "आणि त्या दिवशी मी पडले ना, तेव्हा कोणीच आलं नाही बघ." आणि थांबली.

याला हं म्हणणं म्हणजे त्या चार हाका कबूल करणं, आणि ते लवंगीला जमेना.  तिने तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, आणि तिच्या दोन्ही खांद्यांच्या बाहेरून, दोन बाजूंनी, आईकडे काहीतरी पुढे सरकताना तिला डोळ्यांच्या कोपऱ्यांतून दिसलं.